नीमो, त्याचा बाप आणि बारावीचे पुस्तक

‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट २००३ साली पडद्यावर आला. त्याचे परीक्षण आज करावयाचे कारण असे, की तो आता नुसता चित्रपट राहिलेला नाही. शैक्षणिक साधन झाला आहे. प्राण्यांच्या सहजीवनावरचा तास असला, की त्यातला एखादा तुकडा वर्गात दाखवला जातो. पनवेलच्या बाजारात शोभेच्या माशांच्या दुकानासमोर उभे राहिलेले मूल नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशाला विदूषक मासा म्हणत नाही, ‘नीमो’ म्हणते. एका कल्पित पात्राचे नाव अख्ख्या प्राणिजातीला चिकटावे, ही कामगिरी थोडीथोडकी नव्हे. तेव्हा या प्राण्याविषयी चित्रपट काय सांगतो आणि आपली पाठ्यपुस्तके काय सांगतात, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे असे आम्हाला वाटले. पाहिल्यावर लक्षात आले ते असे, की पुष्कळ ठिकाणी चित्रपट चुकतो. पण एका महत्त्वाच्या ठिकाणी व्यंगपट बरोबर आहे आणि पुस्तक चूक आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक असेल. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर मार्लिन आणि कोरल हे विदूषक माशांचे जोडपे राहते. एक हिंस्र मासा कोरलला आणि तिच्या शेकडो अंड्यांना गिळतो. उरते ते एकच अंडे. त्यातून नीमो जन्मतो आणि भेदरलेला बाप त्याला जिवापाड जपतो. पुढे एक पाणबुड्या नीमोला पकडून सिडनीतल्या दंतवैद्याच्या काचेच्या टाकीत नेऊन ठेवतो आणि घराबाहेर न पडणारा बाप अर्धा समुद्र पालथा घालून त्याला शोधतो. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट व्यंगपटाचे ऑस्कर पारितोषिक या चित्रपटाला मिळाले आणि ते योग्यच होते. पाण्यातला प्रकाश, प्रवाळांचे रंग, माशांच्या परांच्या हालचाली यांवर चित्रकारांनी घेतलेले कष्ट पाहून थक्क व्हावे. माशांच्या शरीरक्रियेचा अभ्यास करणारे अॅडम समर्स यांना निर्मात्यांनी सल्लागार म्हणून बोलावले होते. म्हणजे चित्रपटात जे चुकले आहे ते बहुतांशी अज्ञानामुळे नव्हे, कथेच्या सोयीसाठी चुकवलेले आहे. हा फरक शिक्षकांनी ध्यानात ठेवावा.

आधी जे बरोबर आहे ते पाहू. विदूषक माशाची मादी समुद्रफुलाच्या बुडाशी, खडक घासूनपुसून स्वच्छ केलेल्या जागेवर अंडी घालते. एका वेळी काही शे अंडी, कधी हजारावर. त्यांची राखण करतो तो नर. तो परांनी अंड्यांवर पाणी खेळवतो, तोंडाने ती साफ करतो, मेलेली अंडी काढून टाकतो. साधारण आठवडाभराने, सूर्यास्तानंतरच्या अंधारात पिल्ले बाहेर येतात. बाप हाच मुलांना सांभाळणारा, ही कथेची मध्यवर्ती कल्पना त्यामुळे पूर्णपणे शास्त्रीय आहे. मार्लिनचा घरकोंबडेपणाही शास्त्रीय आहे. हा मासा पोहण्यात मंद असतो आणि आपल्या समुद्रफुलापासून काही मीटरपलीकडे सहसा जात नाही. शिवाय एका प्रसंगात शाळेला निघालेल्या नीमोला बाप समुद्रफुलाच्या शुंडकांना अंग घासायला लावतो. हा प्रसंग आई मुलाला दात घासायला लावते त्या धर्तीवर विनोद म्हणून घातला आहे. पण त्यामागे एक जुने निरीक्षण आहे. डॅव्हनपोर्ट आणि नॉरिस या संशोधकांनी १९५८ साली दाखवले, की समुद्रफुलापासून काही काळ दूर ठेवलेला मासा परत आल्यावर एकदम आत शिरत नाही. तो आधी शेपटी लावतो, मग पोटाची बाजू लावतो, मागे सरतो, पुन्हा लावतो आणि असे करत करत सवय झाल्यावरच निर्धास्तपणे शुंडकांत लोळतो.

समुद्रफूल हे फूल नव्हे, प्राणी आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको. त्याच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. लहान मासा चिकटला, की विषारी सूक्ष्म भाले सुटतात. विदूषक मासा यातून का वाचतो, हा प्रश्न दीड शतकाहून जुना आहे. कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गअभ्यासकाने दक्षिण चीन समुद्रातल्या प्रचंड समुद्रफुलांत मासे राहताना पाहिले आणि १८६८ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून उत्तराचा शोध चालू आहे. माशाच्या अंगावरच्या बुळबुळीत श्लेष्म्यात त्याचे गमक आहे, एवढे बरेच आधी कळले होते. अलीकडच्या संशोधनातून, विशेषतः २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून, पुढचा दुवा मिळाला आहे. बहुतेक माशांच्या श्लेष्म्यात सियालिक आम्ल नावाचा शर्करावर्गीय पदार्थ असतो आणि त्याचा स्पर्श दंशपेशींना ‘सोडा भाला’ असा इशारा देतो. विदूषक माशाच्या श्लेष्म्यात हा पदार्थ फार कमी असतो. अगदी लहान, समुद्रात तरंगणाऱ्या पिल्लांत तो असतो. अंगावर पांढरे पट्टे उमटू लागतात त्या अवस्थेत तो घटतो आणि तेव्हाच ते पिल्लू समुद्रफुलात राहण्याच्या लायकीचे होते. अर्थात सर्व जातींत सर्व काही एवढ्यानेच घडते असे नाही. विदूषक माशांच्या सुमारे तीस जाती आहेत, त्यांना आश्रय देणाऱ्या समुद्रफुलांच्या जाती मात्र सुमारे एक हजारांपैकी अवघ्या दहा. आणि कोणता मासा कोणत्या फुलात राहील याचेही नियम ठरलेले आहेत.

आता चुका. देवमाशाच्या तोंडात शिरलेले मार्लिन आणि त्याची मैत्रीण डोरी हे दोघे त्याच्या डोक्यावरच्या श्वासरंध्रातून फवाऱ्याबरोबर बाहेर उडतात. देवमाशाचा अन्नमार्ग आणि श्वासमार्ग वेगळे असतात. तोंडातून त्या वाटेने बाहेर पडता येत नाही. ही चूक निरुपद्रवी आहे, मुलांना ती पकडायला लावावी. दुसरी जरा बारीक आहे. नीमोचे रूप ज्या ओसेलॅरिस जातीवरून घेतले असे सर्वसाधारणपणे मानतात, ती जाती आग्नेय आशियात आणि आपल्या अंदमानात सापडते. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मोठ्या प्रवाळभिंतीवर तिची जुळी शोभावी अशी पर्क्युला जाती असते. पाठीवरच्या परातले काटे मोजून या दोन जाती ओळखतात. पडद्यावर काटे मोजत बसणे हा आमच्यासारख्यांचा उद्योग; प्रेक्षकाने तो करू नये.

तिसरी चूक मात्र साधी नाही. नीमो बापाजवळ वाढतो. खरे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच उघड्या समुद्रात निघून जाते आणि साधारण दहा ते पंधरा दिवस प्लवकांबरोबर तरंगते. त्यातली बहुसंख्य खाल्ली जातात. जी उरतात ती एखाद्या प्रवाळखडकावर उतरून समुद्रफूल शोधतात. ती किती दूर जातात? पापुआ न्यू गिनीतल्या किंबे उपसागरात याचा सुरेख शोध घेतला गेला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका लहान बेटावर उतरलेल्या पर्क्युला पिल्लांपैकी सुमारे ६० टक्के त्याच बेटावर जन्मलेली निघाली. म्हणजे दोन आठवडे समुद्रात काढूनही ती गावी परतली होती. उलट आपल्याच अरबी समुद्रात, ओमानच्या किनाऱ्यावर, तिथल्या विदूषक माशाची पिल्ले ४०० किलोमीटरपर्यंत गेल्याचे २०१४ साली आनुवंशिक चाचण्यांवरून दिसले. मुलाच्या शोधात समुद्र पालथा घालणारा बाप ही कल्पना निसर्गात अगदी उलटी आहे. प्रवास बाप करत नाही, पोर करते. तेही तांदळाच्या दाण्याएवढे असताना.

चौथी गोष्ट म्हणजे लिंगबदल. चित्रपट यावर गप्प आहे आणि वर्गातही यावर गप्प बसण्याकडे कल असतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एका समुद्रफुलात एक मोठी मादी, तिच्याहून लहान एक नर आणि त्याहून लहान काही अप्रौढ मासे असा गट राहतो. (पडद्यावर कोरल आणि मार्लिन जवळपास सारख्याच चणीचे दिसतात, खरी कोरल नवऱ्याहून चांगलीच थोराड असती.) मादी मेली, की नर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मादी होतो. त्याच्या जननग्रंथीतला वृषणाचा भाग क्षीण होऊन अंडाशयाचा भाग वाढतो. अप्रौढांतला सर्वांत मोठा मासा नराची जागा घेतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली हे सविस्तर मांडले. म्हणजे पत्नी गेल्यावर मार्लिनने बाप राहणे अपेक्षित नव्हते. योग्य जोडीदार मिळताच त्याने मादी व्हायला हवे होते.

ही माहिती आता पुष्कळांना झाली आहे आणि तिच्यावरून एक चावट तर्कही फिरत असतो: मार्लिन मादी होणार, नीमो नर होणार आणि दोघांची जोडी जमणार! वरच्या वर्गातली मुले तो ऐकून आलेली असतात आणि शिक्षक कानकोंडे होऊन विषय बदलतात. बदलण्याचे काही कारण नाही, कारण तो तर्क शास्त्रीयदृष्ट्या कच्चा आहे. एका समुद्रफुलातले लहान मासे हे त्या जोडप्याची मुले नसतात. पीटर बस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली जनुकीय तपासणीने दाखवले, की गटातले सदस्य एकमेकांचे जवळचे नातलग नसतात. मुले समुद्रात जातात आणि दुसऱ्यांची मुले आपल्या दारात उतरतात. चित्रपटाची चूक दुरुस्त करायला निघालेल्या हुशार मंडळींनी चित्रपटाचीच मूळ चूक, म्हणजे पिल्लू घरीच वाढते ही, मुकाट्याने गृहीत धरली आहे. आमच्या मते वर्गात चर्चेला घेण्यासारखे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

मग ते परके लहान मासे तिथे करतात काय? वाट पाहतात. बस्टन यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की गटात प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला असतो आणि वरचा मासा खालच्याहून साधारण सव्वापट लांब असतो. खालचा मासा मुद्दाम वाढ रोखून धरतो. तो वरच्याच्या बरोबरीला आला, की प्रतिस्पर्धी ठरतो आणि हाकलला जातो. समुद्रफुलाबाहेर त्याला जगण्याची आशा नसते. वरची जागा रिकामी झाली, की तोच मासा भराभर वाढतो. एवढेच नव्हे, तर किंबे उपसागरात २०२३ च्या उष्ण लाटेत मोजलेल्या १३४ माशांपैकी बहुसंख्य माशांची लांबी काही काळ चक्क कमी झाली, असे २०२५ साली प्रसिद्ध झाले आहे. पर्क्युला मादीचे आयुष्य तीस वर्षांच्या घरात असू शकते, असा अंदाज आहे. तेव्हा ही रांग किती लांब असते याची कल्पना करावी. नोकरीत वरिष्ठाच्या निवृत्तीकडे डोळे लावून बसणाऱ्यांना हा मासा जवळचा वाटायला हरकत नाही.

आता पुस्तकाकडे वळू. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात अनेक वर्षे समुद्रफूल आणि विदूषक मासा ही जोडी सहभोजितेचे उदाहरण म्हणून दिलेली आहे. सहभोजिता म्हणजे एकाला लाभ, दुसऱ्याला ना लाभ ना हानी. माशाला संरक्षण मिळते, समुद्रफुलाला काही मिळताना दिसत नाही, असा तिथला आशय आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसणारी मुले हे पाठ करतात. आमची तक्रार इथे आहे, आणि ती चित्रपटाविषयीच्या कोणत्याही तक्रारीपेक्षा गंभीर आहे.

समुद्रफुलाला काय मिळते ते दहा-वीस नव्हे, कितीतरी अभ्यासांतून मोजले गेले आहे. काही फुलपाखरू मासे समुद्रफुलाच्या शुंडका कुरतडून खातात. विदूषक मासा त्यांच्या अंगावर धावून जातो. काही जातींच्या समुद्रफुलांतले विदूषक मासे काढून टाकले, तर ती फुले अंग आखडून घेतात आणि खाल्लीही जातात. गॉडविन आणि फॉटिन यांनी हे १९९२ साली नोंदवले. दुसरे, माशाच्या उत्सर्जनातले अमोनियम समुद्रफुलाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवलांना खत म्हणून मिळते आणि ती शैवले समुद्रफुलाला अन्न पुरवतात. तिसरे, रात्री मासा शुंडकांमध्ये सतत हालत राहतो, त्यामुळे पाणी खेळते आणि समुद्रफुलाला ऑक्सिजन अधिक मिळतो. हे २०१३ साली प्रयोगाने दाखवले गेले. आणि मूरेआ बेटावर होलब्रुक आणि श्मिट यांनी मासे असलेली आणि नसलेली समुद्रफुले दीर्घकाळ पाहिली, तेव्हा मासे असलेली फुले अधिक वेगाने वाढली आणि कमी मेली. त्यांचा निबंध २००५ सालचा आहे. याला सहभोजिता म्हणत नाहीत. याला परस्परोपकारी सहजीवन म्हणतात. चित्रपटात समुद्रफूल हे माशाने राखलेले घर आहे. तेवढ्यापुरता चित्रपट पुस्तकाच्या पुढे आहे.

यावर शिक्षक विचारतील, की मग मुलाने उत्तरपत्रिकेत काय लिहावे? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळत नाही. गुण हवे असतील तोवर पुस्तकातले लिहावे लागेल. पण ते लिहिण्यापूर्वी वर्गात दोन्ही बाजू मांडल्या गेल्या पाहिजेत, आणि मुलाला हे विचारले पाहिजे: ‘लाभ दिसत नाही’ आणि ‘लाभ नाही’ यांत फरक काय? पुस्तकातल्या लेखकाला लाभ दिसला नाही, कारण तो दिवसा, थोडा वेळ आणि नुसत्या डोळ्यांनी पाहता दिसत नाही. तो पाहायला मासे काढून पाहावे लागले, रात्री ऑक्सिजन मोजावा लागला, वर्षानुवर्षे त्याच फुलांकडे परत जावे लागले.

दुकानातल्या नीमोविषयी थोडे. चित्रपटामुळे या माशांची मागणी भरमसाट वाढली आणि समुद्र ओस पडला, असे विधान छापून येत असते. २०१७ साली मिलिट्झ आणि फोल यांनी उपलब्ध आकडेवारी तपासली, तेव्हा समजूत जेवढी ठाम आहे तेवढा पुरावा ठाम नाही असे आढळले. मात्र पकडण्याला पर्याय आहे हे नक्की. विदूषक मासा हा बंदिस्त पाण्यात पैदास होणारा सागरी मासा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पैदास आपल्या देशात केली आहे. पनवेलपासून फार दूर नाही, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साहाय्याने शोभिवंत सागरी माशांचे बीजोत्पादन सुरू केले आहे. विद्यार्थ्यांना घेऊन जायचे तर आधी चौकशी करून अशा ठिकाणी जावे. दुकानदाराला मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: हा मासा समुद्रातून आणला, की पैदाशीचा आहे?

पनवेलच्या खाडीत विदूषक मासा नाही आणि असणारही नाही. गाढी नदीचा गाळ, पावसाळ्यात येणारे गोडे पाणी, गढूळपणा यांत त्याला आश्रय देणारी समुद्रफुले तगत नाहीत. इथल्या चिखलात निवट्या आहेत. पण लिंगबदल शिकवायला ऑस्ट्रेलियाची प्रवाळभिंत लागतेच असे कुठे आहे? आमच्या बाजारात जिताडा येतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात त्याची पिल्ले तळ्यांत सोडून वाढवण्याची जुनी रीत आहे, आणि रायगडात पाहुण्याचा मान जिताड्याच्या तुकडीवरून ओळखतात. हाच मासा ऑस्ट्रेलियात बारामंडी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि तो आधी नर असून पुढे मादी होतो. मूर या संशोधकाने पापुआ न्यू गिनीतल्या जिताड्यांवर हे १९७९ साली दाखवले. पहिली काही वर्षे नर म्हणून काढल्यावर, अंग पुरेसे मोठे झाले की बहुतेक जिताड्यांत बदल होतो. इथे गटातली रांग नाही, जोडीदाराच्या मृत्यूची वाट पाहणे नाही. वय आणि आकार पुरतो.

दोघांमागचे गणित एकच आहे. मायकेल गिसेलिन यांनी ते १९६९ साली मांडले: शुक्राणू लहान देहातही भरपूर तयार होतात, अंडी मात्र मोठ्या देहात कितीतरी अधिक मावतात, तेव्हा लहानपणी नर आणि मोठेपणी मादी होण्यात फायदा आहे. जिथे धिप्पाड नर पुष्कळ माद्यांवर ताबा ठेवतो तिथे गणित उलटते. इतर माशांची अंगे साफ करणाऱ्या क्लीनर माशात मोठी मादी नर होते. आणि जिताड्याच्या बाबतीत या गणिताला एक व्यावहारिक टोक आहे: मोठमोठे मासे तेवढे निवडून पकडले, तर खाडीतून माद्याच वेचून काढल्या जातात.

वर्गात सांगून पटत नसेल, तर पावसाळ्याच्या सुमारास मुलांना मासळीबाजारात न्यावे आणि कोळणीला विचारावे, की गाबोळी किती मोठ्या जिताड्यात निघते आणि किती लहानात कधीच निघत नाही. तिचे उत्तर वहीत किलोंमध्ये लिहून घ्यावे.